‘ही लाईट कशाची रं?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गाव लातूर जिल्ह्यातल्या भूकंपपट्ट्यात, नोकरी पुण्यात, वय ३१. हे वाचक ज्या कंपनीत आहेत तिथं कामगारांच्या डोळ्यांवर व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट चढवून त्यांना यंत्रं हाताळायला शिकवतात. माणसाची त्रिमितीय आकृती उभी करणं हे त्यांचं रोजचं काम. गावी आज्जी आहे, ऐंशी ओलांडलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तिचा नवरा आणि सोळा वर्षांची धाकटी लेक माळवदाखाली गेले. लेकीचा एकही फोटो मागं राहिला नाही. दोन वर्षांपूर्वी आज्जी सहज बोलून गेली, ‘तिचं तोंड आता डोळ्यापुढं येईना झालंय.’ ते ऐकून यांनी ठरवलं की आज्जीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. आज्जीला फोटोचं वावडं; मोबाईल समोर धरला की पदर तोंडावर. म्हणून यांनी कॅमेऱ्याचा चष्मा घेतला आणि दिवाळीपासून येळवशीपर्यंत (वेळ अमावास्येच्या सणापर्यंत) तिला न सांगता चाळीसेक तासांचं चित्रण केलं: चेहरा, आवाज, चालणं, भाकरी थापणं. ती झोपलेली असताना फोन भोवती फिरवून चेहऱ्याचं स्कॅनिंगही केलं. चष्म्यावरचा बारीक पांढरा दिवा पाहून आज्जीनं एकदा विचारलं, ‘ही लाईट कशाची रं?’ हे म्हणाले, ‘चार्जिंगची.’ आता या सगळ्यातून आज्जीची बोलती आकृती तयार होतेय, जिच्याशी ती गेल्यावरही व्हीआरमध्ये बोलता येईल. थोरल्या बहिणीनं लॅपटॉपवर हे पाहिलं, ‘ही चोरी आहे’ म्हणाली, आणि तेव्हापासून दोघांत अबोला आहे. चुलतभावाला मात्र कॉपी हवीय. ते विचारतात: घरच्याच माणसाची आठवण जपली तर ती चोरी कशी? आज्जीला सांगावं का? तिला यातलं काही कळणार नाही, उगाच घाबरेल. आणि ती नको म्हणाली तर?

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमची बाजू पटली, दुसऱ्या वेळी ताईंची. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की आज्जीची बाजू पत्रात नाहीच. या चित्रणाच्या प्रकरणात तिच्या तोंडचं एकच वाक्य तुम्ही लिहिलंय, आणि तोही प्रश्न आहे.

तो दिवा चष्म्यावर का असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. २०१३ मध्ये गूगलचा कॅमेऱ्याचा चष्मा अमेरिकेत लोकांच्या डोळ्यांवर आला, तेव्हा समोरच्याला सहज कळत नव्हतं की हा माणूस नुसता बघतोय का चित्रण करतोय. काही हॉटेलांनी आणि बारनी तो घालून येणाऱ्यांना दारातच अडवलं. दोन वर्षांत तो सामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाला. पुढं आलेल्या चष्म्यांना बनवणाऱ्यांनी दर्शनी बाजूला दिवा बसवला, चित्रण चालू असलं की पेटणारा. तो समोरच्या माणसासाठी असतो, त्यानं बघावं आणि विचारावं म्हणून. तुमच्या आज्जीनं तो बरोब्बर हेरला आणि जे विचारायचं तेच विचारलं. दिव्यानं त्याचं काम केलं, आज्जीनं तिचं केलं. ‘चार्जिंगची’ म्हणून तो विझवलात तुम्ही.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाहीये. तुमचा हेतू मायेचा आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण मायेनं केलेल्या गोष्टीही कशा वाकड्या जातात ते मी घरात पाहिलंय.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर धोतर, नेहरू शर्ट आणि टोपी घातली. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकच धड फोटो निघाला, बँकेच्या पासबुकासाठी काढलेला. तेराव्याला मोठा फोटो हवा म्हणून भाऊ तो बाजारपेठेतल्या एका स्टुडिओत घेऊन गेला. फ्रेम आली तेव्हा वडिलांच्या अंगात काळा कोट, गळ्यात टाय, मागं निळा पडदा. स्टुडिओवाला कौतुकानं म्हणाला, ‘साहेब दिसायलेत बघा!’ आई बराच वेळ त्या फोटोकडं बघत बसली आणि म्हणाली, ‘हे कोण?’ वर्ष-दीड वर्षानं मी त्या रस्त्यानं जात होते, तर तोच कोटातला फोटो दुकानाच्या काचेत. खाली पाटी: जुने फोटो नवे करून मिळतील. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. काढा म्हटलं तर तो माणूस खरंच ओशाळला. त्याच्या मते त्यानं वडिलांचा मानच केला होता.

त्याच्याकडं एक पासपोर्ट फोटो होता आणि कोट चिकटवायची हौस. तुमच्याकडं चाळीस तास आहेत. आवाजाची नक्कल करायला आता मिनिटभराचा नमुनाही पुरतो. २०२३ मध्ये आलेल्या गॉशियन स्प्लॅटिंगच्या पद्धतीनं साध्या व्हिडिओवरून अख्खी खोली, तीत बसलेल्या माणसासकट, त्रिमितीत उभी राहते. म्हणजे आता नुसता कोट चिकटवून थांबायचं कारण नाही. वाक्यंही चिकटवता येतात.

ताईंचा ‘चोरी’ हा शब्द मला नेमका वाटत नाही. चोरीला गेलेली वस्तू धन्याकडं उरत नाही. आज्जीचा चेहरा आज्जीपाशीच आहे. पण शब्द चुकला म्हणून ताईंना जे खुपलं ते खोटं ठरत नाही. कोणती आज्जी मागं ठेवायची हे ठरवणं आज्जीकडं होतं, ते तिच्या हातून गेलं. विचारलं असतंत तर कदाचित तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं असतं. कवळी बसवून मगच बोलली असती. झोपेतलं तर नकोच म्हणाली असती. आणि खरं सांगायचं तर ती ‘नको’ म्हणतच आलीय, पदरानं. ते तुम्हाला चांगलं ऐकू आलं होतं. चष्मा घ्यायची पाळी त्यामुळंच आली.

तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आलीय: ‘आत्याचा विषय मी काढत नाही, आज्जी रडते.’ मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटली. चाळीस तासांत हा विषय एकदाही नाही, आणि तो येणारही नव्हता. लपून चित्रण करणाऱ्याला असले प्रश्न विचारता येत नाहीत. विचारले की समोरचं माणूस थांबतं, तोंडाकडं बघतं, चष्म्याकडं बघतं. त्यामुळं ज्या एका विसरण्यानं तुम्ही या कामाला लागलात, त्याबद्दल तुमच्या हार्डडिस्कवर एक शब्द नाही. भाकरी आहे, खोकला आहे, कोंबड्या हाकलणं आहे.

उलट वाटेचं उदाहरण आपल्याच भागात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या समाजसंशोधकांच्या चमूनं गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या उतरवून घेतल्या, त्यातल्या कितीतरी टेपवर घेतल्या. माजलगावच्या भीमनगरात त्यांनी १९९६ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं, आणि ओवीपाशी ती गाणाऱ्या बाईचं नाव, गाव लिहिलेलं असतं. टेपरेकॉर्डर समोर ठेवला होता म्हणून कुणाचा गळा आखडला नाही. उलट आपलं नाव लागणार म्हटल्यावर बाया जास्तच गातात, हा माझाही अनुभव आहे.

आता ‘तिला कळणार नाही’ याकडं येऊ. तुमच्या देव्हाऱ्यात टाक असतील. चांदीच्या पत्र्यावर सोनारानं ठोकलेली माणसं. कुणी घोड्यावर, कुणी उभं. नाकडोळे कुणाचेच ओळखू येत नाहीत, तरी आज्जी बोट ठेवून सांगेल की हा कोण आणि तो कोण. पितरांच्या पंधरवड्यात तुमच्या आजोबांच्या नावानं गावातलं एखादं म्हातारं माणूस पाटावर बसत असेल. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पोटभर जेवू घालायचं. तेवढा वेळ तो आजोबांच्या जागी. मग पान-सुपारी घेऊन तो आपल्या घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पारावर भेटला तर त्याला कुणी आजोबा म्हणत नाही. गेलेल्या माणसाच्या जागी काय बसवायचं, किती वेळ बसवायचं, कधी उठवायचं, हा व्यवहार आज्जीनं इतकी वर्षं निभावलाय. व्हीआर हा शब्द तिला नाही कळणार. ‘तू गेल्यावर तुझ्यासारखी दिसणारी, तुझ्या आवाजात बोलणारी एक बाहुली माझ्यापाशी राहील, चालंल का?’ हे तिला तुमच्या कंपनीतल्या साहेबांच्या आधी कळेल. ती पुढं काय विचारेल याचा माझा अंदाज सांगते. पहिला प्रश्न: ‘ती काय काय बोलंल?’ दुसरा: ‘अजून कुणाला दिसंल?’ या विषयातले जाणकार सभा-परिषदांत जे घोळवत असतात ते याहून फार पुढं गेलेलं नाही.

काय काय बोलेल? इथं मी माझं मत झाकून ठेवत नाही. आज्जी जे बोलली ते जपणं वेगळं, आणि जे ती कधी बोललीच नाही ते तिच्या आवाजात वदवणं वेगळं. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या एका वाहिनीनं एका आईला तिच्या सातव्या वर्षी वारलेल्या मुलीची आकृती व्हीआरमध्ये भेटवली. हातमोजे घातलेल्या हातांनी ती माउली हवेतच पोरीचं तोंड कुरवाळत होती. तिला त्यातून समाधान मिळालं असं ती म्हणाली, आणि ते नाकारणारी मी कोण? पण ती एका वेळची भेट होती, पाटावर बसलेल्या पितरासारखी. तुम्ही घडवताय ती आकृती रोज बोलणार, नवनवं बोलणार. उद्या शेताच्या वाटणीवरून तुमचं आणि चुलतभावाचं बिनसलं, आणि त्याच्या कॉपीतली आज्जी म्हणाली, ‘विहिरीकडचा तुकडा मी तुलाच म्हटला होता’, तर? हसू नका. या सदराला येणाऱ्या पत्रांतली निम्मी बांधावरून सुरू होतात.

म्हणून माझा सल्ला: चित्रण ठेवायला आज्जी हो म्हणाली तरी बोलती आकृती करू नका. तिचं खरं बोलणं, तिच्या खऱ्या खोकल्यासकट, व्हीआरमध्ये तिच्याशेजारी बसून ऐकता आलं तर तेवढं पुष्कळ आहे. तुम्हाला हे अपुरं वाटेल. आज्जीनंच सांगितलं की ‘बोलू दे माझ्यासारखी, मला चालतंय’, तर मी माझा शब्द मागं घेईन. ते तिनं ठरवायचं आहे.

अजून कुणाला दिसेल? येळवशीचं वर्णन तुम्ही फार मायेनं केलंय. कडब्याची कोप, आत मांडलेले पांडव, भज्जी, उंडे, आंबिलीचं मडकं. कोपीपाशी टेकलेल्या शेजारपाजारच्या बाया. त्यातली एक जण जावयाचं काहीतरी आज्जीला सांगताना रडली, तेही चित्रणात आलंय, आणि तुम्ही लिहिता की ‘तो भाग खूप नैसर्गिक झालाय’. नैसर्गिक होणारच! तिला वाटत होतं ती एका म्हातारीशी बोलतेय. ते आता तुमच्या लॅपटॉपवर आहे, ताईंनी पाहिलंय, आणि कॉपी मागणारा दारात उभा आहे. आज्जी तुम्हाला एक वेळ हो म्हणेल. त्या बाईच्या वतीनं हो म्हणायचा अधिकार आज्जीलाही नाही. तिथं खेळणाऱ्या पोरांचंही तेच. हा भाग आज्जीला सांगण्याआधीच, आजच, कापून टाका. झोपेतल्या स्कॅनची तर परवानगीही मागू नका, ते सरळ पुसा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. खाजगी, घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती या कायद्यातून वगळलीय, म्हणजे तुमची घरची हार्डडिस्क त्याच्या बाहेर. पण हुश्श करू नका. ही आकृती बोलती करायला ज्या दिवशी ती एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवाल, त्या दिवशी ती घरगुती उरली का, हा प्रश्न येतो, आणि मग संमती आज्जीची लागते, नातवाची चालत नाही. याच कायद्यातलं चौदावं कलम तुमच्यासारख्यांच्या कामाचं आहे: ते लागू झालं की, आपण गेल्यावर किंवा असमर्थ झाल्यावर आपल्या माहितीवरचे हक्क कुणी बजावायचे, ते नाव आधी देऊन ठेवता येईल. बँकेत नॉमिनी लावतो तसं.

ज्यांच्या बाबतीत उलटं घडलंय, म्हणजे दुसऱ्या कुणी लपून चित्रण केलंय, अशा मुलींची पत्रंही येतात, विशेषतः वसतिगृहांतून आणि अभ्यासिकांतून. त्यांच्यासाठी: बाईचं खाजगी क्षणी चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि कुणाच्याही खाजगी अंगाचं चित्रण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमात येतं. चेहरा दुसऱ्याच शरीराला जोडलेली चित्रं तक्रार आल्यापासून २४ तासांत हटवायचं बंधन समाजमाध्यमांवर २०२१ च्या नियमांनी घातलं, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली गेली. आधी लिंक, तारीख, स्क्रीनशॉट जपा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. घाबरून स्वतःच सगळं डिलीट करू नका.

परत तुमच्याकडं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. पण हा हक्क जित्या माणसाचा. एका दिवंगत अभिनेत्याच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या सिनेमाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं की खाजगीपणाचे आणि प्रसिद्धीचे हक्क त्या माणसाबरोबरच संपले, ते वारसाकडं येत नाहीत. आज्जी गेल्यावर तिच्या बाहुलीनं काय बोलावं आणि काय बोलू नये, यावर ताईंनाही मग कोर्टात फारसं काही म्हणता येणार नाही. ‘ती गेल्यावरच कामाला येणार आहे, आत्ता कशाला सांगू’ असं तुम्ही लिहिलंय. मी नेमकं उलटं म्हणेन. ती आहे तोवरच सांगण्याला अर्थ आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत: तुमचं स्वतःचं काय? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२० साली संशोधकांनी ५११ लोकांना व्हीआरमध्ये व्हिडिओ दाखवले. पाच मिनिटांहून कमी वेळाच्या हालचालींवरून संगणकानं ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला. तिथल्याच बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हेच पन्नास हजारांवर व्हीआर गेम खेळणाऱ्यांच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींवर करून पाहिलं. शंभर सेकंद मिळाले तर ९४ टक्के. नाव नाही, चेहरा नाही, फक्त मान किती कलते आणि हात कुठवर जातो. आपल्याकडं लांबून बांधावरनं येणारं माणूस चालीवरून ओळखतात ना, तेच. फरक एवढाच की गावात शे-पाचशे माणसं असतात. त्यामुळं ‘फाईलवर नाव टाकलेलं नाही’ म्हणून आज्जीचं चालणं निनावी होत नाही. आणि ती गेल्यावर पुण्यातल्या खोलीत रात्री एक वाजता हेडसेट चढवून तुम्ही तिच्यासमोर बसाल, तेव्हा चित्रण होत असेल ते तुमचं. हात कधी थरथरला, किती वेळ गप्प बसलात, काय विचारलंत, किती वेळा परत आलात. ही नोंद कुणाकडं जाते हे हेडसेटच्या अटींत लिहिलेलं असतं. त्या तुम्ही वाचल्या नसणार. मीही माझ्या फोनच्या वाचलेल्या नाहीत.

शिवाय ‘कायमची राहील’ हेही जरा तपासून घ्या. मी छत्रपती संभाजीनगरला राहते, म्हणून हा दाखला सुचतो. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४४ पासून कैक वर्षं अजिंठ्यात बसून तिथल्या चित्रांच्या मोठाल्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. मूळ चित्रं इथंच आहेत, झिजत, पण आहेत. व्हीआरमध्ये लोक जमायचे ते अल्टस्पेस मायक्रोसॉफ्टनं १० मार्च २०२३ ला बंद केलं. लोकांनी तिथं उभारलेली ओसरी-अंगणं त्याबरोबर मिटली. तुमचे चाळीस तासही कुठल्या तरी कंपनीच्या मर्जीवर ठेवू नका.

करायचं काय ते सांगते. आकृतीचं काम थांबवा. ताईंना फोन करा, वाद घालायला नव्हे. आज्जीला सांगताना तुम्ही बरोबर असाल का, एवढंच विचारा. सणावाराला जाऊ नका, घर माणसांनी भरलेलं असतं आणि चारचौघांत म्हातारी माणसं नातवाचं मन राखायला काहीही कबूल करतात. साधा दिवस बघा. आज्जीला हेडसेट घालू नका. या वयात गरगरलं, तोल गेला, तर खुब्याचं हाड जायचं. मोबाईलवर किंवा टीव्हीवर तिचंच दोन मिनिटांचं चित्रण दाखवा. पहिल्यांदा ती लाजेल, मग चिडेल, कदाचित शिव्याही घालेल. घालू द्या.

मग सगळं एका दमात ‘ठेवू का?’ असं विचारू नका. चेहरा ठेवू का, आवाज ठेवू का, तू न बोललेलं तुझ्या आवाजात बोलवू का, कुणाकुणाला दाखवू, आणि मी म्हातारा झालो की याचं काय करू, असं एकेक विचारा. तिचा पहिला ‘हो’ धरू नका. ‘रात्रभर विचार कर, सकाळी सांग’ म्हणा, आणि सकाळी तुम्ही नसताना ताईंना विचारू द्या. उत्तरं तिच्याच शब्दांत वहीत लिहा, तिला वाचून दाखवा. स्टॅम्पपेपर नको, उगाच जमिनीचं काही आहे असं वाटायचं.

ती हो म्हणाली तर दोन हार्डडिस्क करा, एक तुमच्याकडं, एक ताईंकडं. फुकटच्या ॲपवर काही चढवायचं नाही, रील नाही, आणि चुलतभावाला आज्जीनं स्वतः सांगेपर्यंत काही नाही. आवाजाचे नमुने बाहेर गेले की ‘बाळा, दवाखान्यात हाय, पैसे टाक’ असा फोन कुणीही करू शकतो. घरातल्या सगळ्यांचा एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, म्हशीचं नाव वगैरे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. हा खुणेचा शब्द, बाकी काही नाही केलं तरी, प्रत्येक घरानं ठरवावा.

आणि ती नको म्हणाली तर? तर पुसायचं. लॅपटॉपवरून, क्लाऊडवरून, रिसायकल बिनमधून, चुलतभावाला नमुना म्हणून काही पाठवलं असेल तर तिथून. ती समोर बसलेली असताना पुसा. जड जाईल, मी खोटं कशाला सांगू.

पण त्याच संध्याकाळी साधी वही घेऊन तिच्याजवळ बसा आणि आत्याचं विचारा. ती हो म्हणाली असली तरीही बसा. रंग कसा होता, कुणावर गेली होती, वेण्या किती लांब, काय म्हटलं की रुसायची. आज्जी रडेल. तेहतीस वर्षांत ‘ती कशी होती गं?’ असं तिला कुणी विचारलं असेल का, याची मला शंका आहे. सगळे तुमच्यासारखेच तिला जपत बसले असतील. आत्याच्या वर्गातल्या पोरी आता पन्नाशीला टेकल्यात, त्यांना गाठा. पडली ती तुमच्या गावातली घरं. बाहेरगावी दिलेल्या लेकींच्या सासरचे अल्बम ढिगाऱ्याखाली गेले नव्हते. १९९३ च्या आधी नात्यात झालेल्या लग्नांचे फोटो शोधा. वऱ्हाडाच्या मागच्या रांगेत, मांडवाच्या खांबाला धरून, कुठंतरी एक चौदा-पंधरा वर्षांची पोर उभी असायची शक्यता आहे. शाळेचा एखादा ग्रुप फोटो मास्तरांच्या घरी असू शकतो. तुमच्या कंपनीत शिकलेलं कसब तिथं लावा, पुसट फोटो उजळायला. कोट मात्र घालू नका.

गावी जाल तेव्हा चष्मा बॅगेत लपवू नका आणि डोळ्यांवरही चढवू नका. चालू करून आज्जीच्या हातात द्या. दिवा तिला जवळून बघू द्या, आणि म्हणा, ‘आज्जी, तू मागं विचारलं होतंस ना, ही लाईट कशाची म्हणून...’